चौथा सूर आणि निषादाचा अंगठा

गेल्या पावसाळ्यापासून मी रोज रात्री जेवणानंतर तासभर कीबोर्डवर सेवंथ कॉर्डचा सराव करीत आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो; संगीत हा माझा विषय नव्हे. हिवरा आश्रमात राहतो. आमच्या वस्तीतील गायन पार्टीत तीस-पस्तीस वर्षे पेटी वाजवणाऱ्या आबाजींची बोटे आता वाकत नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडे आले. पोरांनी वर्गणी काढून एकसष्ट पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड आणला, आणि त्या पोरांपैकीच एकाने मोबाईलवर पाहून मला सांगितले की नुसत्या तीन सुरांच्या कॉर्डऐवजी चार सुरांची धरली तर गाणे ‘भरल्यासारखे’ वाटते. मी धरून पाहिली. पोरे खूष झाली. आबाजी मात्र खाटेवरून उठून बसले आणि म्हणाले, ‘मास्तर, हे पिच्चरवाल्याचं हाये. आपलं नाही. बाबासाहेबाच्या गाण्याला तीन सूर पुरे झाले. चौथा कायला पाहिजे?’

हे बोलणे मला हसण्यावारी नेता आले नाही. ‘आपले’ कोणते आणि ‘परके’ कोणते, हा प्रश्न दलित साहित्याच्या चर्चेत गेली पन्नास वर्षे विचारला गेला आहे. भाषा कोणाची, प्रतिमा कोणाच्या, सौंदर्यशास्त्र कोणाचे, यावर आपण अंक काढले, मेळावे भरवले. परंतु संगीताच्या बाबतीत आपण शब्दांपलीकडे गेलो नाही. भीमगीताचा आशय काय, यावर प्रबंध झाले. त्या गीताखाली जे सूर वाजतात त्यांचा इतिहास काय, याची चौकशी आपणांपैकी फारच थोड्यांनी केली. आबाजींच्या प्रश्नाला इतिहासाच्या अंगाने उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या गायनात एका वेळी एक सूर चालतो. सुरामागून सूर येतो. कॉर्ड म्हणजे तीन किंवा अधिक सूर एकाच वेळी दाबणे. सा, ग आणि प ही तीन सुरांची साधी कॉर्ड. पेटीवाले ती नकळत धरतातच. तिच्यावर नी ठेवला की सेवंथ कॉर्ड झाली. मूळ सुरापासून मोजत गेल्यास तो सातवा पडतो म्हणून हे नाव. शुद्ध नी ठेवला तर एक रंग, कोमल नी ठेवला तर दुसरा. कोमल नी असलेली कॉर्ड ऐकताना काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे, पुढे कोठे तरी जावयाचे असल्यासारखे वाटते.

मी ज्या तीन कॉर्डचा सराव करतो त्या एकामागून एक अशा: रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, मग सा-ग-प-नी. तिन्हींत सगळे सूर शुद्ध आहेत, काळ्या पट्टीला हात लावावा लागत नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक कॉर्ड वेगळी पाठ केली आणि एकीवरून दुसरीवर हात उचलून टाकीत राहिलो. ते कानाला धक्के बसल्यासारखे लागे. पुढे लक्षात आले की हात उचलण्याची गरजच नाही. पहिल्या कॉर्डमधला म दुसऱ्या कॉर्डमध्ये जागच्या जागी राहतो, आणि सा फक्त एक पायरी खाली उतरून नी होतो. दुसरीतून तिसरीत जाताना आता नी जागच्या जागी राहतो आणि म एक पायरी उतरून ग होतो. एक बोट थांबते, दुसरे उतरते. मग थांबलेले आणि उतरलेले यांची कामे बदलतात. एवढी युक्ती हाताला बसावयाला मला अडीच महिने लागले. सांगावयास संकोच वाटतो, पण माझ्या विद्यार्थ्यांनी ती आठ दिवसांत उचलली.

आता पट्ट्यांविषयी. कीबोर्ड आपल्याकडे अचानक उपटलेला नाही, तो पेटीच्या वाटेने आला. हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांद्र दबँ याने पॅरिसला १८४२ साली घेतले. ती पायाने भाता मारण्याची युरोपी वस्तू होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ कंपनीने तिला हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजवण्याचे रूप दिले. महाराष्ट्रात ती संगीत नाटकात शिरली, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला, आणि त्याच वेळी ती कीर्तनात, तमाशात, भजनात आणि जलशात पसरली. आजही आमचा गाणारा आपला स्वर पट्टीच्या रंगाने सांगतो: ‘मी काळी पाचमध्ये गातो’, ‘बाईंची पांढरी चार आहे’. ज्याने पाश्चात्य संगीताचे नावही ऐकलेले नाही तोही आपल्या गळ्याची ओळख एका परदेशी वाद्याच्या पट्टीवरून करून देतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तेव्हा पेटी आपली आणि कीबोर्ड परका, ही वाटणी इतिहासाला धरून नाही, एवढे आबाजींना सांगणे मला भाग होते.

पण पेटीलाही परकी ठरवणारे होतेच. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि पुढे श्रुतींची पेटी तयार करण्याचा खटाटोप झाला. एका सप्तकाचे बारा सारखे तुकडे करणारी पेटी आपल्या रागांतील सूक्ष्म स्वरस्थाने देऊ शकत नाही, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा आहे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. रवींद्रनाथ ठाकूरांपासून आकाशवाणीच्या पाश्चात्य संगीत विभागातील जॉन फौल्ड्स या इंग्रज संगीतकारापर्यंत अनेक मातब्बर तिच्या विरोधात होते. साथीपुरती ही बंदी उठली ती १९७१ साली. एकतीस वर्षे! ज्यांच्याकडे तंबोरा, सारंगी आणि पिढ्यांची तालीम होती त्यांना या बंदीने अडचण झाली, पण ते निभावले. ज्यांच्याकडे वर्गणीतून घेतलेली एक पेटी हेच सारे संगीत होते, त्यांचे वाद्य सरकारदरबारी अशुद्ध ठरले. ‘शुद्धता’ हा शब्द आपण इतरत्रही ऐकला आहे, म्हणून तो संगीतात आला की माझे कान टवकारतात.

माझा स्वतःचा पेटीशी पहिला संबंध फार थोडा वेळ टिकला. मी सहावीत असताना एका गावी सप्ताहाच्या मांडवात पेटी उघडी होती, माणसे जेवावयास गेली होती. मी एक पट्टी दाबली. भाता मारल्याशिवाय सूर निघत नाही हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे आवाज काही झाला नाही. परंतु कोणीतरी पाहिले. मला मारले नाही. फक्त माझ्यादेखत ओल्या फडक्याने पेटी पुसली आणि भाता बांधून टाकला.

सूरही उच्चनीच असतात, हे मला पुष्कळ पुढे, एम.ए.च्या वेळी कळले. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने लिहिला गेला. आपल्या देशातील संगीतशास्त्राचा तो आधारग्रंथ मानला जातो, आणि त्याची विद्वत्ता नाकारण्याचे कारण नाही. त्या ग्रंथात स्वरांची कुळे आणि वर्ण दिले आहेत. सा, म आणि प हे ब्राह्मण. रे आणि ध क्षत्रिय. ग आणि नी वैश्य. आणि अंतर गांधार व काकली निषाद हे दोन चढवलेले स्वर शूद्र. कुळांच्या यादीत निषाद हा असुरवंशातला. ही वाटणी शार्ङ्गदेवाने निर्माण केली नाही. त्याच्या आधीच्या ‘नारदीय शिक्षे’तही ती आढळते. गाण्याच्या प्रत्यक्ष व्यवहारावर तिचा काही परिणाम झाला असेल असे मला वाटत नाही. गवई काही वर्ण पाहून सूर लावीत नव्हता. पण ज्या मनाला हवेतल्या कंपनालाही जात लावल्याशिवाय चैन पडत नाही, ते मन समजून घेण्यासाठी हे पान पुरेसे आहे. या यादीत अवर्ण स्वर नाही. आपण यादीच्या बाहेर होतो. गावाबाहेर होतो तसेच.

देवगिरीला हा ग्रंथ सिद्ध झाला त्यानंतर काही दशकांतच, परंपरा सांगते त्याप्रमाणे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा या गावी चोखामेळ्याचा जन्म झाला. तो गात होता. देवळाच्या आत मात्र त्याला गाता आले नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला वेशीचे बांधकाम कोसळून तो मेला आणि त्याची समाधी पंढरीच्या देवळाच्या महाद्वारासमोर झाली. यादवकाळाचा इतिहास शिकवताना मी ‘रत्नाकर’ आणि चोखोबा एकाच तासाला घेतो. विद्यार्थी विचारतात, सर, यांचा एकमेकांशी काय संबंध? मी वरील वर्णांची यादी फळ्यावर लिहितो.

कॉर्डकडे परत येऊ. शार्ङ्गदेवाचे शुद्ध सप्तक आजच्यापेक्षा वेगळे होते. त्याचे अंतर गांधार आणि काकली निषाद हे आपल्या आजच्या शुद्ध ग आणि शुद्ध नी यांच्या जवळ येतात. म्हणजे मी रोज रात्री सरावाच्या शेवटी सा-ग-प-नी ही कॉर्ड धरतो तेव्हा ‘रत्नाकरा’च्या हिशेबाने दोन ब्राह्मण आणि दोन शूद्र एकाच क्षणी, एकाच आवाजात वाजत असतात. सुरामागून सूर येतो तेव्हा पुढचा-मागचा असा क्रम राहतो. कॉर्डमध्ये तो राहत नाही; पंगत एकच. मी हे गमतीने पोरांना सांगितले, तर त्यांतील एक जण म्हणाला, ‘सर, म्हणजे हे सहभोजनच झालं की!’ त्याला मी लगेच सावध केले. सहभोजनाने जात गेली नाही, तशी कॉर्डनेही जाणार नाही. ज्या युरोपात कॉर्डचे शास्त्र घडले तिथे माणसांची विक्रीही झाली. वाद्याच्या रचनेत समता असली म्हणून वाजवणाऱ्याच्या समाजात ती येते, असे नव्हे.

‘निषाद’ या नावावर मात्र थोडे थांबावेसे वाटते. सातव्या स्वराचे हे नाव. आणि एका जमातीचेही. एकलव्य हा निषादराजाचा मुलगा. त्याचा अंगठा द्रोणाने का मागितला ते आपणांस सांगावयास नको. सेवंथ कॉर्ड एका हाताने धरावयाची तर चार बोटे लागतात आणि त्यांतले एक अंगठाच असावे लागते: अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि करंगळी. पेटीवर आबाजी अंगठा जवळजवळ वापरीतच नसत. त्यांना तो ठेवायचा कुठे हेच माहीत नव्हते, आणि एकेका सुराने गाणे चालत असल्यामुळे अडलेही नाही. युरोपातही पूर्वी तसेच होते. कार्ल फिलिप एमानुएल बाख याने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, वडिलांच्या तरुणपणी मोठमोठे वादक अंगठा फक्त लांबच्या उडीपुरता वापरीत. माझ्या घरी अंगठ्याचा इतिहास वेगळा आहे. आजोबा प्रत्येक कागदावर अंगठा उठवीत. वडिलांनी सालगड्याचे काम करीत करीत सही शिकून घेतली. घराण्यातला पहिला पदवीधर मी. सराव करताना मला सर्वांत जास्त त्रास देणारे बोट अंगठा आहे, आणि सरावाचा निम्मा वेळ मी त्याच्यावरच घालवतो.

युरोपातही या चौथ्या सुराला सहज प्रवेश मिळाला नव्हता, हे मुद्दाम सांगावयास हवे. जुन्या नियमाप्रमाणे विसंवादी सुराने एकदम यावयाचे नाही. त्याने आधीच्या कॉर्डमध्ये संवादी म्हणून हजर राहावयाचे, मग विसंवादी व्हावयाचे आणि लगेच एक पायरी खाली उतरावयाचे. वर्दी देऊन येणे, काम होताच खाली उतरणे. मोन्टेवेर्दी या इटालियन संगीतकाराने हा नियम मोडला म्हणून आर्टुसी नावाच्या धर्मोपदेशक शास्त्रकाराने १६०० साली त्याच्यावर पुस्तकातून हल्ला चढवला. तो वाद गाजला आणि कालांतराने मोन्टेवेर्दीची बाजू जिंकली. पण खाली उतरण्याची सक्ती उरलीच. प-नी-रे-म या कॉर्डमधल्या म ने ग वर उतरलेच पाहिजे. मी जो अडीच महिने गिरवला तो हाच नियम.

हा नियम जिथे मोडला गेला ती जागा म्हणजे अमेरिकेतील काळ्या माणसाचे ब्लूज.

येथे आपल्या आणि त्यांच्या इतिहासातील एक फरक ध्यानात घेतला पाहिजे, कारण तो आपल्या लेखनात सहसा येत नाही. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवीत उठाव केला. लगेच १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी झाली. तिथे ढोलावर बंदी होती. आपल्याकडे ढोलाची सक्ती होती. मांगाने हलगी वाजवावी, होलाराने सनई-डफडे वाजवावे, गावच्या प्रत्येक लग्नात, मिरवणुकीत, देवाच्या पालखीपुढे वाजवावे आणि उरलेसुरले अन्न घेऊन जावे. त्यांनी आपले वाद्य गमावले, आपणांला आपल्या वाद्याची लाज वाटावी अशी व्यवस्था झाली. म्हणून आपल्या चळवळीने गावकीची वाजवणी सोडा असे सांगितले. तो निर्णय योग्यच होता. परंतु त्या वाजवणीबरोबर किती कसब गेले याची मोजदाद कोणी केली नाही, आणि आज ती करणेही अवघड आहे.

ढोल हिरावलेल्या त्या माणसांनी मालकांची वाद्ये हाती घेतली: फिडल, गिटार, पियानो. ब्लूजचा साचा बारा आवर्तनांचा, चार-चार मात्रांचा. चार आवर्तने सा ची कॉर्ड, दोन म ची, दोन पुन्हा सा ची, मग एक प ची, एक म ची आणि शेवटची दोन सा ची. या तिन्ही कॉर्ड सेवंथच असतात, आणि सा च्या कॉर्डवरही कोमल नी बसलेला असतो. युरोपी शास्त्राप्रमाणे सा म्हणजे घर. तिथे विसंवाद शिल्लक राहता कामा नये. ब्लूजमध्ये घरातच विसंवाद आहे. तो उतरत नाही, मिटत नाही, तिथेच राहतो आणि त्याच्यावरच गाणे उभे असते. ज्यांना घर म्हणून जे मिळाले तेच विकले जाण्याच्या भीतीने भरलेले होते, त्यांच्या संगीतात हे घडले याचे मला नवल वाटत नाही. आणखी एक गोष्ट. त्यांचा गळा पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधले सूर लावीत असे, कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधला. पट्टी तो देऊ शकत नव्हती, तेव्हा ते दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदम दाबीत. आपल्याकडे पट्ट्यांमधला सूर मिळत नाही म्हणून एकतीस वर्षे वाद्यावर बंदी घातली गेली. त्यांनी वाद्य ठेवले आणि त्याला वाकवले.

हा चौथा सूर मुंबईत केव्हा आला? चर्चमधून आणि गोऱ्या पलटणीच्या बँडमधून शास्त्रोक्त कॉर्ड तर आधीच आल्या होत्या. परंतु काळ्या माणसाच्या हातातली सेवंथ कॉर्ड मुंबईने समोरासमोर ऐकली ती १९३५ साली, लिऑन ॲबी आपला आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला तेव्हा. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. व्हर्जिनियात जन्मलेला, शिकागोत नाव कमावलेला हा माणूस १९२६ पासून आशियात वाजवीत फिरत होता. तो १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात हा सारा काळ जिवंत केला आहे. ताजमध्ये नाचणारे लोक साहेब, संस्थानिक आणि धनिक होते, हे विसरता येत नाही. आपला गिरणी कामगार त्या दाराशी पोचलेला नव्हता. तिथून तो सूर आपल्यापर्यंत आला तो दुसऱ्या माणसांच्या हातून.

ती माणसे म्हणजे गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून गोमंतकीय ख्रिस्ती मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. पुढे पोटासाठी ती मुले मुंबईला येऊन धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गावनिहाय खोल्यांमध्ये, राहत. त्यांनी ताजमध्ये आणि इतरत्र या काळ्या वादकांकडून ऐकले, त्यांच्या तबकड्या घासून घासून ऐकल्या. आल्दोनाचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवू लागला. आर्मस्ट्राँग त्याचा आदर्श. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात आणले. १९५१ चा ‘अलबेला’ आठवावा. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ लिहीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालसारख्यांना व्हायोलिन शिकवले आणि १९५८ साली भारतीय रागांवर सिंफनी वाद्यवृंद उभा करून पाहिला. संगीतकार चाल देई. तिच्याखाली कोणती कॉर्ड, कोणत्या क्षणी, किती वाद्यांत, हे लिहिण्याचे काम बहुधा गोव्याच्या या माणसांचे असे. पडद्यावर मात्र वर्षानुवर्षे त्यांची नावे आली नाहीत. लग्नात सनई वाजवणाऱ्याचे नाव पत्रिकेत येत नाही, त्याच जातीचा हा प्रकार.

याचा अर्थ गोव्याचे वादक आपले सगेसोयरे होते असा मी काढीत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातही बामण, चारडे, सुदिर आहेत. चर्चमध्ये कोणत्या सभासदाने कोणता मान घ्यावयाचा यावरून तिथेही जात पाळली गेली. इतिहास आपल्या सोयीने स्वच्छ करून घेता येत नाही.

आणि येथे केसकर येतात. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीते हलकी, पाश्चात्य वळणाची, म्हणून त्यांच्या कारकिर्दीत ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोन लावू लागले. अखेर १९५७ साली विविध भारती काढावी लागली. केसकर शुद्धतेची चाड असलेले मराठी गृहस्थ. पण ज्या हॉटेलात, पानपट्टीवर आणि चाळीच्या गॅलरीत आपली माणसे गाणी ऐकत होती, तिथे त्यांचा हुकूम चालला नाही.

धम्मांतर १९५६ चे. आपल्या शाहिरांना एकाएकी नव्या गाण्यांची प्रचंड गरज पडली: जयंतीला, वर्षावासाला, लग्नाला, मयताला. भीमराव कर्डकांच्या जलशाची परंपरा पाठीशी होती. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते यांनी ती गरज भागवली. चाली कुठून आल्या? लावणीतून, भजनातून, कव्वालीतून, आणि निःसंकोचपणे सिनेमातून. पंडितांनी याला नक्कल म्हटले. मला ते तसे वाटत नाही. ज्या समाजाला स्वतःचा वाद्यवृंद नव्हता त्याने तयार वाद्यवृंदाची चाल घेऊन तिच्यात आपला माणूस बसवला. चालीबरोबर तिच्या खालची कॉर्डही कानात आली. पेटीवाल्याने ती कधी दाबली नाही, पण त्याने आणि श्रोत्यांनी ती मनातल्या मनात ऐकली. मुंबईच्या मिरवणुकीतला ‘बेंजो’ घ्या. तो बुलबुलतरंग, जपानच्या नागोयात १९१२ च्या सुमारास निघालेल्या तैशोगोतोचा वंशज, टाइपरायटरसारखी बटणे. त्याच्यावर आपल्या पोरांनी अख्खा सिनेमा वाजवला.

मी आबाजींना हेच सांगितले. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली पँथर निघाली ती १९६६ च्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. हा धागा आपण अभिमानाने सांगतो, आणि तो पुस्तकातून, पत्रातून, जाहीरनाम्यातून आला म्हणून सांगतो. त्याच माणसांचा एक सूर मात्र पँथरच्या कितीतरी आधी, शब्दांशिवाय, हॉटेल, सिनेमा आणि रेडिओ अशी वळणे घेत आपल्या वस्तीत येऊन राहिला होता. त्याची नोंद आपण केली नाही, कारण तो आपल्याला सिनेमाचा वाटला. आबाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘ते काळे लोक, त्यायले देवळात घेत होते का?’ मी म्हटले, त्यांची चर्चे वेगळी होती. ‘मंग बरोबर,’ ते म्हणाले.

पण आबाजींच्या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी सोडू इच्छित नाही. १९८० साली कॅसिओने छोटे कीबोर्ड बाजारात आणले. त्यांच्या पुढच्या पिढ्या पंधरा-वीस वर्षांत ऑर्केस्ट्रा पार्ट्यांमधून खेड्यापर्यंत आल्या. त्यांत एक सोय असते. डाव्या हाताने एकच पट्टी दाबा, यंत्र आपोआप पूर्ण कॉर्ड वाजवते, ताल धरते, बासही देते. आमच्या परिसरात या सोयीने आधी ढोलकीवाल्याचे काम गेले, मग पेटीवाल्याचे. सगळ्या पार्ट्या एकाच कारखान्यातल्या तालावर गाऊ लागल्या. जयंतीच्या रात्री चार वस्त्यांतून चार कर्ण्यांवर एकच ठेका ऐकू येतो. आबाजी ‘आपले नाही’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे असते. यंत्राने दिलेली कॉर्ड खरोखरच आपली नाही. ती बनवताना आपले एकही बोट हललेले नसते. आमच्या पोरांना ती सोय बंद करावयास लावणे हे माझे यंदाचे सर्वांत अवघड काम ठरले. ‘सर, बटण असताना कशाला?’ या प्रश्नाला माझ्याकडे सुरुवातीला उत्तर नव्हते. मी त्यांना त्या कॉर्डमधला एक सूर बदलून दाखवा म्हटले. शुद्ध नी काढून कोमल करा. यंत्राला न विचारता. तेव्हा त्यांना कळले की बटण ज्याने बनवले त्याच्या यादीबाहेरचे काही त्यांना करता येत नाही.

आता आठवड्यातून तीन संध्याकाळी सहा पोरे आणि दोन पोरी येतात. त्यांपैकी एक पोरगी बारावीत आहे. तिचा अंगठा माझ्यापेक्षा चांगला चालतो. येत्या १४ एप्रिलसाठी तीन गाणी बसवली आहेत. दोन ढोलकीवर, आणि त्यासाठी मागे काम सोडून गेलेल्या ढोलकीवाल्याला पुन्हा बोलावले आहे. तिसऱ्यात सा च्या जागी आम्ही कोमल नी असलेली कॉर्ड धरून शेवटपर्यंत ती उतरवत नाही. आबाजींना तो शेवट पसंत नाही. गाणे मिटले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. काल त्यावर तासभर वाद झाला. मधेच लाइट गेली, कीबोर्ड सेलवर टाकला, आणि अंधारात त्या पोरीने तो शेवट दोन्ही प्रकारांनी वाजवून दाखवला. निर्णय अजून व्हावयाचा आहे.